खुर्चीवर बसल्यावर शिकायचं कुणाकडून? गोव्यातल्या नगराध्यक्षांसाठी मार्गदर्शक

गोव्यात नगराध्यक्षाची निवड झाली की पहिला आठवडा पुष्पगुच्छांत जातो, दुसरा सत्कारांत, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी कानाशी लागून सांगतं की अविश्वास ठरावावर सह्या घ्यायला सुरुवात झालीय. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. इथे नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जात नाही. नगरसेवक आपल्यातल्या एकाला बसवतात आणि बहुमत फिरलं की उठवतात. मंडळाची मुदत पाच वर्षांची असली तरी खुर्ची बऱ्याचदा पॅनेलमधल्या समझोत्याने वाटून घेतलेली असते. पणजीत तर महापौराची निवड दरवर्षी होते.

अशा परिस्थितीत ‘नेतृत्व प्रशिक्षण’ म्हणजे तीन दिवसांची कार्यशाळा, एक बॅग, एक प्रमाणपत्र आणि दुपारी मासळीचं जेवण, हे गणित जमत नाही. नगराध्यक्षाला अंदाजपत्रक वाचता येऊ लागेपर्यंत त्याचा राजीनामा मागितलेला असतो. मुदत आखूड असेल तर शिकणंही झटपट व्हायला हवं, आणि ते व्याख्यानातून होत नाही. तोच प्रश्न आदल्या वर्षी हाताळलेला शेजारच्या पालिकेतला माणूस अर्ध्या तासात जे सांगतो, ते पुस्तकात नसतं. गोव्यात अशा माणसाला गाठायला लांब जावं लागत नाही. १३ नगरपालिका आणि १ महानगरपालिका, एवढाच आपला पसारा. काणकोणहून पेडणं गाठायलाही अर्धा दिवस पुरतो. तरीही हे नगराध्यक्ष एकमेकांना भेटतात ते बहुतेक मंत्र्यांच्या कार्यक्रमात, पहिल्या रांगेत, आणि तिथे कामाचं बोलणं होत नाही.

हा लेख नव्याने निवडून आलेल्या नगराध्यक्षांसाठी आणि महापौरांसाठी आहे. त्यांच्याबरोबर काम करणारे नगरसेवक, मुख्याधिकारी आणि उद्या त्याच खुर्चीवर बसू पाहणारे यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी खुर्चीखाली काय येतं ते बघा

शिकायला निघण्यापूर्वी काय शिकायचं ते ठरवायला हवं. त्यासाठी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात मंडळ ठरवू शकतं ते, दुसऱ्यात मुख्याधिकारी करू शकतात ते, तिसऱ्यात राज्य सरकारच्या हाती असलेलं.

७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय लिहिले गेले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. भाषणात हे १८ विषय छान वाटतात. तुमच्या कागदावर मात्र चित्र वेगळं दिसेल. नळाचं पाणी राज्याच्या खात्याकडे, वीज वीज खात्याकडे, मलनिस्सारणाचं जाळं त्यासाठीच्या महामंडळाकडे, जमिनीचं नियोजन नगरनियोजन खातं आणि पीडीएंकडे, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणांकडे. पालिकेच्या वाट्याला उरतं ते कचरा, बाजार, सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यायचं शुल्क), घरपट्टी, व्यवसाय परवाने, बांधकाम परवाने, गटारं, उद्यानं, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद. शिवाय नगरपालिकांत अंमलबजावणीची सूत्रं १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यानुसार सरकारने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असतात. पणजीसाठी २००२ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे ही जागा आयुक्तांची.

हा कागद भरताना वाद होतील, आणि ते व्हायलाच हवेत. मडगावचा मोठा घाऊक-किरकोळ बाजार एसजीपीडीएचा, म्हणजे दक्षिण गोव्याच्या पीडीएचा आहे, पालिकेचा नाही. पण तिथल्या कचऱ्याची दुर्गंधी सुटली की लोक नगराध्यक्षांनाच फोन करतात. अशा जागांवर लाल खूण करा. अधिकार एकाचा आणि शिव्या दुसऱ्याला, अशी प्रत्येक पालिकेत दोन-चार ठिकाणं सापडतात. शेजाऱ्यांशी बोलायची पहिली यादी याच लाल खुणांतून तयार होते.

मग चार कागद मागा

मुख्याधिकाऱ्यांकडून पहिल्या पंधरवड्यात चार गोष्टी लेखी मागून घ्या. चालू वर्षाचं अंदाजपत्रक, तेही गेल्या दोन वर्षांच्या प्रत्यक्ष जमाखर्चासह. शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यातले निकाली न निघालेले आक्षेप. गेल्या वर्षभरातल्या ठरावांची यादी, प्रत्येकापुढे ‘झालं / नाही / का नाही’ या नोंदीसह. आणि न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांची यादी.

शेवटची यादी सगळ्यात कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त शिकवते. सोनसोड्याचं उदाहरण घ्या. मडगावच्या त्या कचऱ्याच्या ढिगाने किती मंडळं आली-गेली बघितली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्यावर तारखा आणि मुदती न्यायालयाकडून येऊ लागल्या. ज्या नगराध्यक्षाला न्यायालयाचा शेवटचा आदेश काय हेच माहीत नाही, त्याने कचऱ्यावर धोरण मांडू नये.

पैशांच्या बाबतीत एक जागा नीट बघा: घरपट्टीची आणि पालिकेच्या दुकानांच्या भाड्याची थकबाकी. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. लेखापरीक्षित हिशेब जाहीर करणं आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवणं या अटीही घातल्या होत्या. म्हणजे वसुली ढिली ठेवून दिल्लीच्या पैशाची वाट बघत बसण्याचे दिवस गेले.

हे चार कागद वाचून होईपर्यंत कुठल्याही प्रशिक्षणाला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रिकाम्या हाताने गेलेला माणूस रिकाम्या हातानेच परततो, फक्त फोटो वाढतात.

गट कसा बांधायचा

सगळ्या १४ संस्थांचा एकच मोठा मेळावा भरवायचा मोह होईल. तो टाळा. मोठ्या सभेत प्रत्येकजण आपलं शहर कसं पुढे आहे तेच सांगतो. चार ते सहा पालिकांचा गट पुरे. तो तालुक्यावरून किंवा पक्षावरून न बांधता प्रश्नांवरून बांधा.

म्हापसा, मडगाव, फोंडा, मुरगाव यांना मोठा बाजार आणि वाहतूक यांनी घेरलंय. वाळपई, सांगे, केपे, काणकोण, पेडणे यांची अडचण वेगळी: उत्पन्न कमी, कर्मचारी कमी, अभियंता एकच, आणि तोही कधीकधी दुसऱ्या पालिकेबरोबर वाटून घेतलेला. साखळी, डिचोली, कुडचडे-काकोडा, कुंकळ्ळी यांनी दोन्हीकडे डोकावावं. पणजीला वर्ग वेगळा असला तरी गटात घ्याच, कारण कचऱ्याच्या वर्गीकरणात तिचा अनुभव जुना आहे.

एखाद्या सरपंचालाही बोलवा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी मोजली गेली, पण त्यातली बरीच वस्ती पंचायतींच्या हद्दीत राहते. पालिकेची हद्द संपते तिथे कचऱ्याची पिशवी थांबत नाही.

प्रत्येक पालिकेतून तिघांनी यावं. नगराध्यक्ष, एक अधिकारी आणि एक नगरसेवक. हा तिसरा माणूस शक्यतो विरोधी गटातला घ्या. यावर भुवया उंचावतात, मला माहीत आहे. पण गोव्यात विरोधी गटातला नगरसेवक म्हणजे बऱ्याचदा पुढचा नगराध्यक्ष. आज तो बाहेर राहिला तर उद्या सगळं पहिल्यापासून सुरू होणार. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठ आणि ब्लूमबर्ग फिलॅन्थ्रॉपीज मिळून महापौरांसाठी वर्षभराचा कार्यक्रम चालवतात. एका तुकडीत साधारण ४० महापौर असतात, आणि तिथेही महापौराबरोबर त्याच्या शहरातले वरिष्ठ अधिकारी शिकतात. एकटा नेता शिकून आला आणि कार्यालय जागच्या जागी राहिलं तर काय होतं, ते सगळीकडे सारखंच.

आणखी एक नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नगराध्यक्षा निवडून आल्या असतील तर बैठकीला त्याच येतील, त्यांचे यजमान बाहेर चहा घेतील. राखीव प्रभागातून आलेल्या अनेक बायका उत्तम कारभार करतात, पण खुर्चीमागे उभा राहून ‘ती काय म्हणते ते मी सांगतो’ म्हणणारा पुरुष आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला आत घेतलं की गट मेला.

बैठक: या लेखाचा गाभा

दर दीड-दोन महिन्यांनी, आलटून पालटून प्रत्येक पालिकेत, तीन तास. शनिवारी सकाळ बरी. पत्रकार नकोत, फेसबुकवर थेट प्रक्षेपण नको, शाल-श्रीफळ तर नकोच. इथे बोललेलं नावानिशी बाहेर सांगायचं नाही. बैठकीतून जो निर्णय सुचेल तो मात्र आपापल्या मंडळापुढे उघडपणे ठेवायचा. शिकणं बंद दाराआड चालेल, कारभार नाही.

दर बैठकीला दोनच पालिका आपापला प्रश्न मांडतील. प्रश्न एका पानावर आधीच लिहून पाठवायचा, आणि खरी मेहनत या पानावरच आहे. ‘आमच्याकडे बाजाराची समस्या गंभीर आहे’ हा प्रश्न नव्हे, ती तक्रार झाली. प्रश्न कसा असावा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दाखवतो.

समजा, एका पालिकेने असं लिहिलं: ‘आमच्या बाजारात सोपो पालिकेचेच कर्मचारी गोळा करतात. आठवड्याच्या बाजाराला बाहेरून येऊन बसणारे विक्रेते दुप्पट होतात, पण त्या दिवशीची वसुली तेवढी वाढत नाही. पावणी (लिलाव) करून ठेका दिला तर रक्कम आगाऊ मिळेल, पण ठेकेदाराची माणसं पावतीपेक्षा जास्त घेतात अशी ओरड पूर्वी झाली होती. पुढच्या सभेत मंडळाला ठरवायचं आहे: ठेका की स्वतःची वसुली?’

यात आकडा कुठे अडतो ते दिसतं, पूर्वीचा अनुभव दिसतो, आणि ठराविक तारखेला घ्यायचा निर्णय दिसतो. असं पान हातात आलं की पुढचा पाऊण तास असा चालवायचा:

पहिली दहा मिनिटं फक्त मांडणाऱ्याची. कुणी मध्ये बोलायचं नाही.

नंतरची वीस मिनिटं फक्त प्रश्नांची. सल्ला देण्यावर बंदी. हे सगळ्यात कठीण जातं, कारण निवडून आलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सवय नसते, उत्तर द्यायची असते. सूत्रसंचालकाने इथे कडक राहावं. चांगले प्रश्न अगदी साधे असतात. तुमगेर सोपो कोण घेता? विक्रेते मोजले कुणी, कधी? पावतीपुस्तकं संध्याकाळी कुणाच्या कपाटात जातात? दर माणशी की जागेच्या मापावर? बुधवारी बसणारी भाजीवाली आणि चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घेऊन येणारा गावकरी, दोघांना एकच दर का? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर विक्रेता समिती झालीय का? त्या समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या असाव्या लागतात. त्यांना या निर्णयाबद्दल विचारलं का?

या वीस मिनिटांत बऱ्याचदा मूळ प्रश्नच बदलतो. ठेका द्यायचा की नाही हा वाद मागे पडतो आणि कळतं की विक्रेत्यांची गणतीच झालेली नाही. गणतीशिवाय ठेक्याची बोली किती असावी हे ठरवणार कसं? ठेकेदाराला ती संख्या माहीत असते, पालिकेला नसते, आणि सौदा तिथेच हरलेला असतो.

मग पंधरा मिनिटं अनुभवाची. इथेही ‘तुम्ही असं करा’ चालणार नाही. ‘आमच्याकडे आम्ही असं केलं, आणि पुढे हे झालं’ एवढंच बोलायचं. फसलेला प्रयोग असेल तर तो आधी सांगायचा. पहिल्या एक-दोन बैठकांत कुणी फसलेलं सांगत नाही. गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ, आता गमावण्यासारखं काही नसलेल्या माणसाला आधी बोलायला लावा; मग बाकीच्यांचं तोंड उघडतं.

शेवटी मांडणाऱ्याने एकच गोष्ट कबूल करायची, तारखेसह. ‘सोपोची व्यवस्था सुधारू’ हे कबूल करणं नव्हे. ‘येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा दोन कर्मचारी आणि दोन नगरसेवक मिळून विक्रेते मोजतील’ हे कबूल करणं. पुढच्या बैठकीची सुरुवात या कबुलीपासूनच होते. झालं नसेल तर का नाही ते सांगायचं. दंड नाही, टोमणा नाही, पण विषय टाळायचा नाही.

सूत्रसंचालक कोण? तुमच्यापैकी कुणी नको, खात्याचा अधिकारीही नको. निवृत्त मुख्याधिकारी किंवा एखादे जाणते प्राध्यापक चालतील, ज्यांना कुणाच्या प्रभागात मत मागायचं नाही.

भेट द्यायची ती कशी

‘अभ्यासदौरा’ म्हटलं की गोवेकर हसतो. त्याच्या हसण्याला कारणही आहे. म्हणून भेटीचा खर्च, जाणाऱ्यांची नावं आणि कारण मंडळाच्या ठरावात आधी येऊ द्या. राज्याबाहेर जायचं असेल तर नगरपालिका प्रशासन संचालनालयाची मंजुरी लागते का ते लेखी विचारून घ्या, आणि परतल्यावर पंधरा दिवसांत दोन पानांचा अहवाल सभेपुढे ठेवा. दोनच पानं, छायाचित्रांशिवाय.

जायचं कुठे? आधी जवळ. पणजी महापालिकेने कचरा घरातूनच वेगळा घ्यायची सवय लावली, सोसायट्यांच्या आवारात खताचे खड्डे बसवले आणि सुक्या कचऱ्याचे १६ प्रकार वेगळे करण्यापर्यंत मजल मारली. साळगाव आणि काकोडा इथले कचरा प्रकल्प बघणं तर प्रत्येक नगरसेवकाला सक्तीचं करावं, कारण घरात न केलेल्या वर्गीकरणाचं काय होतं ते तिथे पट्ट्यावर सरकताना दिसतं.

पेडण्याहून तास-सव्वा तासावर वेंगुर्ले आहे. सिंधुदुर्गातल्या या छोट्या नगरपरिषदेने कचरा डेपोचं रूप इतकं पालटलं की लोक तो बघायला येऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापर, आणि सुक्या कचऱ्याचं बारीक वर्गीकरण, हे सगळं आपल्यासारख्याच पावसात, आपल्यासारख्याच लाल मातीत. केरळातल्या अलप्पुळाचा प्रयोगही बघण्यासारखा आहे. २०१२ मध्ये तिथल्या कचरा केंद्राच्या गावाने शहराचा कचरा घ्यायला नकार दिला, तेव्हा शहराने ‘निर्मल भवनम्, निर्मल नगरम्’ मोहीम हाती घेऊन घरोघरी बायोगॅस आणि वस्तीवस्तीत खतकुंड्या नेल्या. सोनसोड्याच्या आसपास राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पण बघायचं कसं ते आधी ठरवा. दुपारी बाराला जाऊन सादरीकरण बघितलं तर सादरीकरणच दिसेल. आदल्या रात्री मुक्काम करा आणि पहाटे साडेपाचला कचऱ्याच्या गाडीबरोबर फिरा. चालकाशी बोला, मुकादमाशी बोला, वेगळा कचरा न देणाऱ्या घरासमोर गाडी थांबते तेव्हा नेमकं काय बोलणं होतं ते ऐका. हजेरीचं पुस्तक मागा. गाडी बंद पडली तर दुसरी किती वेळात येते ते विचारा. दुरुस्तीचं बिल कोण मंजूर करतं, किती रुपयांपर्यंत सभेत न जाता? आमच्या अनेक पालिकांत गाडी पंधरा दिवस एका पट्ट्यासाठी उभी असते, आणि दोष मात्र नागरिकांच्या सवयींना दिला जातो.

निघण्यापूर्वी यजमानांना एक प्रश्न विचाराच: ‘हे करताना तुम्ही काय बंद केलं?’ नवीन कामासाठी माणसं आणि पैसा कुठून तरी काढलेला असतो. ते उत्तर मिळालं नाही तर नक्कल जमणार नाही. वेंगुर्ल्याबाबत एक फरकही ध्यानात ठेवा: महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आहे. तिथला नगराध्यक्ष ज्या ठामपणाने बोलतो, तो ठामपणा आपल्याकडे मंडळातल्या बहुमताकडून रोज नव्याने मिळवावा लागतो.

उलट भेटही करून बघा. इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्न्मेंट असोसिएशन दुसऱ्या परिषदांतल्या लोकप्रतिनिधींचं आणि अधिकाऱ्यांचं पथक एखाद्या परिषदेत काही दिवस पाठवते. ते सगळ्यांशी बोलतात आणि काय दिसलं ते तोंडावर सांगतात. गटातल्या इतर पालिकांना दोन दिवस आपल्याकडे बोलवा आणि बाजार, कर विभाग, तक्रारींची खिडकी त्यांच्या ताब्यात द्या. घरच्याला न दिसणारी धूळ पाहुण्याला दिसते. त्यांनी सांगितलेलं ऐकून घेताना मात्र चेहरा सांभाळावा लागतो.

संस्थांच्या प्रशिक्षणाचं काय

ते निरुपयोगी नाही. जुने गोवे इथे एला गावात गोवा लोकप्रशासन आणि ग्रामविकास संस्था, म्हणजे जीपार्ड, आहे. पुण्याची यशदा आहे, मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, आणि केरळात त्रिशूरजवळ ‘किला’ ही स्थानिक प्रशासनाची संस्था, जिने निवडून आलेल्या सदस्यांच्या प्रशिक्षणाला खातेनिहाय रुटीनच्या बाहेर काढलं. कायदा, निविदा प्रक्रिया, लेखा यांचे धडे अशाच ठिकाणी घ्यावेत. शेजारचा नगराध्यक्ष निविदेचा नियम चुकीचा सांगू शकतो, आणि आपण तो आत्मविश्वासाने पाळू शकतो.

फक्त संस्थेकडे जाताना दोन अटी घाला. सरावासाठी बनावट शहर नको. आमचंच अंदाजपत्रक, आमचाच लेखापरीक्षण आक्षेप, आमचीच अर्धवट राहिलेली निविदा घ्या. आणि वर्ग मराठीत किंवा कोकणीत हवा. कायद्याची भाषा इंग्रजी असली तरी समजून घ्यायची भाषा आपली असू शकते. तीन दिवसांच्या एका तुकडीपेक्षा सहा महिन्यांत पसरलेले सहा अर्धे दिवस जास्त उपयोगी, कारण मधल्या काळात माणूस काहीतरी करून बघतो आणि पुढच्या वेळी खऱ्या अडचणी घेऊन येतो.

मुख्याधिकारी: सोबतीशिवाय गाडी नाही

नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांचं पटत नाही, ही गोव्यातल्या पालिकांची जुनी कहाणी. मुख्याधिकाऱ्यांची बदली सरकार करतं, नगराध्यक्षांची खुर्ची मंडळ काढतं, दोघेही अस्थिर. म्हणून पहिल्या महिन्यात दोघांनी एकत्र बसून एका पानावर लिहावं: कोणता निर्णय मुख्याधिकारी परस्पर घेतील, कोणता नगराध्यक्षांना सांगून, कोणता मंडळात जाईल. रोजंदारी कामगारांची नेमणूक हा विषय या पानावर सगळ्यात वर ठेवा. अर्धे खटके तिथेच उडतात.

गटाच्या बैठकीत मुख्याधिकाऱ्यांचाही वेगळा तास असू द्या. ते आपसांत जे बोलतील, ते नगराध्यक्षांसमोर कधीच बोलणार नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक

विषय पंचांग बघून ठरवा. मान्सूनपूर्व गटारसफाईचा विषय मे महिन्यात घेऊन उपयोग नाही, तेव्हा निविदा निघून काम सुरू झालेलं असायला हवं. तो फेब्रुवारीत घ्या. अंदाजपत्रकही त्याच सुमारास. श्रावणात वास्कोचा सप्ताह असतो आणि फेरीतल्या (जत्रेच्या बाजारातल्या) स्टॉल्सच्या जागावाटपावरून मुरगाव पालिकेत तापतं. मडगावात फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) फेरीला, म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेला तसंच. या तिन्ही पालिकांनी जागावाटपाचे नकाशे आणि अटी एकमेकांना दाखवल्या तरी खूप काम होईल. चवथीआधी माटोळीच्या बाजाराची जागा. दिवाळीआधी नरकासुर: रात्रभर स्पर्धा झाल्यावर पहाटे रस्त्याकडेला उरलेले लोखंडी सांगाडे कोण उचलणार, हे आयोजकांकडून परवानगी देतानाच लिहून घेता येतं का? डिसेंबरात पर्यटकांची गर्दी, मग कार्निव्हल, मग शिगमो. एवढ्यात वर्ष संपलं.

पुढच्याला द्यायची फाइल

हे काम पद सोडताना करायचं नसतं, पद घेतल्याच्या पहिल्या महिन्यात सुरू करायचं असतं. अविश्वास ठराव आल्यावर कुणाला फाइल लिहायची इच्छा उरत नाही. एक साधी फाइल, संगणकावर आणि छापील. तीन रकान्यांचा तो कागद. अपुऱ्या ठरावांची यादी, दर महिन्याला दुरुस्त केलेली. न्यायालयीन तारखा. मुख्याधिकाऱ्यांबरोबर ठरलेलं पान. गटाच्या बैठकीत दिलेल्या कबुल्या आणि त्यांचं काय झालं. ठेकेदारांचे करार कधी संपतात त्या तारखा, कारण नवा नगराध्यक्ष येतो तेव्हा नेमका एखादा करार संपत आलेला असतो आणि घाईत मुदतवाढ दिली जाते.

फाइलची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांकडे, एक उपनगराध्यक्षांकडे ठेवा. विरोधी गटातला जो नगरसेवक तुमच्याबरोबर बैठकांना येत होता, त्यालाही ती वाचायला द्या. नवी निवड झाल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीला नवे आणि जुने नगराध्यक्ष दोघांनी यावं, निदान एकदा. जुन्याने पहिली दहा मिनिटं बोलावं, नव्याने फक्त प्रश्न विचारावेत. ते एकमेकांशी बोलत नसतील तर सूत्रसंचालकाने आधी दोघांना वेगवेगळा फोन करावा; गोव्यात बहुतेक वेळा तेवढं पुरतं.